अक्कांची न भरलेली शिबिरं

संगीताचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरात पुस्तकांवरची धूळ झटकत होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून हे माझं सकाळचं काम. संगीता म्हणजे अक्कांची सून. एरवी फोनवर ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग स्वतःच्या गुडघ्यांचं सांगते. त्या दिवशी तिनं काहीच विचारलं नाही. "मावशी, अक्का गेल्या. बसलेल्याच होत्या. चहा पिऊन कप खाली ठेवला आन्..." पुढचं मला ऐकायचं नव्हतं. हातातलं फडकं खिडकीत ठेवलं, दाराला कुलूप लावलं आणि लोह्यावरून अहमदपूरला जाणारी एसटी धरली. वाटेत शेजारच्या बाईनं विचारलं, कुणाकडं चालला? मी म्हटलं, अक्कांकडं. तिनं कोण अक्का असं विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं. कारण त्या माझ्या कोण, हे मला एका वाक्यात सांगता आलं नसतं.

पोचले तेव्हा दुपार कलली होती. त्यांच्या घरच्या लिंगायत रीतीप्रमाणे अक्कांना निजवलं नव्हतं, बसवलं होतं. ओसरीच्या भिंतीला पाठ टेकलेली, मांडी घातलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात झेंडूचे हार. शेजारच्या बाया भजन म्हणत होत्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मी नुसती बघत राहिले, कारण हे दृश्य माझ्या ओळखीचं होतं. त्यांच्या उन्हाळी शिबिरात संध्याकाळी मुलं खेळायला गेली की अक्का मठाच्या पायरीवर अगदी अशाच बसायच्या, आणि आम्ही मुलांचे गट सांभाळणारे गटप्रमुख समोर जमिनीवर. तेव्हा त्यांचे डोळे आमच्यातल्या एकेकावर फिरत असायचे. औशाहून आमचा बसू आला होता. तोही तेव्हाचा गटप्रमुख, आता एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. केस पांढरे झालेत, आवाज मात्र तोच, कुजबुजला तरी गल्लीला ऐकू जाणारा. "कुसुम," तो म्हणाला, "मला तर वाटून राहिलंय, आता अक्का म्हणतील, बसू, हळू बोल, तुझ्या आवाजानं मेलेलं बी उठून बसंल." आपण काय बोलून गेलो ते मग त्याच्या लक्षात आलं आणि तो तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. संध्याकाळी त्यांच्याच शेतात अक्कांना समाधी दिली. त्याला आता महिना होत आला.

अक्कांचं नाव महादेवी. नवऱ्याचं अहमदपुरात भुसार दुकान, आणि त्या स्वतः मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना अक्काच म्हणत. माहेर उदगीरकडचं, त्यामुळे रागावल्या की बोलण्यात कानडी यायचं; ते आम्हाला कळायचं नाही, पण राग कळायचा. दर उन्हाळ्यात त्या एक शिबिर भरवायच्या. अहमदपूर-कंधार रस्त्यापासून थोडं आत एका खेड्यात मठ होता, त्याच्या आवारात. रस्त्याच्या दोन्हीकडच्या गावांतली मुलं यायची. जागा मठाची, ज्वारी गावकऱ्यांची, डाळ आणि अंथरायला रिकामी पोती अक्कांच्या मालकांची. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "लोकांच्या घरी उन्हाळ्यात आंबे येतात, आमच्या घरी पोरं येतात." मी लहानपणी त्या शिबिराला दरवर्षी गेले. गटप्रमुख मात्र एकाच उन्हाळ्यात झाले, बारावी झाल्यावर. तो त्या शिबिराचा शेवटचा उन्हाळा ठरला.

मुलं यायच्या आठवडाभर आधी अक्का आम्हा गटप्रमुखांना बोलवायच्या. "पोरं येऊ द्या, आधी तुम्ही पोरं व्हा," असं म्हणायच्या. म्हणजे एकानं प्रमुख व्हायचं आणि बाकीच्यांनी लेकरं. रडणारं, न जेवणारं, चुगल्या करणारं, पहिल्याच दिवशी घरी पळणारं. बसू पळणारं लेकरू झाला आणि खरंच पळाला. त्याला शोधत आम्ही उन्हात पार ओढ्यापर्यंत हिंडलो, आणि हा मठाच्या माडीवर घोरत पडलेला. आम्हाला वाटलं अक्का त्याला बोलतील. त्यांनी आम्हालाच विचारलं, "माडी कुणी बघितली होती?" कुणीच बघितली नव्हती. शिट्टी त्यांनी कुणाला कधी वापरू दिली नाही. "शेरडं हायत का ती? जवळ जा आन् नाव घेऊन बोलव." झोपलेल्या मुलाला हाका मारून उठवायचं नाही, शेजारी बसून तळपायाला हात लावायचा, म्हणजे लेकरू न दचकता उठतं. घरच्या आठवणीनं रडणाऱ्याला काय झालं म्हणून विचारायचं नाही, त्याला डाळ निवडायला बसवायचं. खडे शोधता शोधता रडणं आपोआप थांबतं. आणि एखाद्यानं झोपेत अंथरूण ओलं केलं तर प्रमुखानं सगळ्यांच्या आधी उठून पाण्याची घागर तिथंच लवंडायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "अगं बाई, माझाच धक्का लागला." चार-पाच पोती एकदम भिजायची, आणि त्यातलं कुठलं आधीच ओलं होतं ते कुणाला कळायचं नाही. हे शिकताना मला एकदम आठवलं की मी लहान असताना एका पहाटे माझ्याही शेजारी एक घागर लवंडली होती...

आम्ही चुकलो तर मुलांसमोर त्या कधी बोलल्या नाहीत. संध्याकाळी पायरीवर बसून एकेकाला विचारायच्या, "आज कुणाला पाहिलंस?" म्हणजे आपल्या गटातल्या एका मुलाबद्दल असं काही सांगायचं की जे दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल. कोण भाकरीचा पापुद्रा काढून खिशात ठेवतं, कोण बोलताना एका पायावर उभं राहतं. रोज वेगळं मूल. सांगता आलं नाही तर त्या फक्त म्हणायच्या, "उद्या बघ." त्या दोन शब्दांची आम्हाला फार लाज वाटायची. पुढं आयुष्यभर वाचायला येणाऱ्या मुलांकडं मी ज्या नजरेनं पाहिलं, ती तिथली आहे. आणि एक नियम सगळ्यांत जुना, सांगायलाही न लागणारा: प्रमुखानं शेवटी जेवायचं, शेवटी पाणी प्यायचं.

त्या वर्षी पाऊस आला नव्हता म्हटलं तरी चालेल. कंधारजवळ मन्याडच्या पात्रात नुसती वाळू होती आणि मठाच्या बारवेच्या तळाशी पाण्याऐवजी गाळ दिसत होता. लातूरचा वेगळा जिल्हा होऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. अहमदपूरच्या बाजारात माणसं "आपला जिल्हा" असं जरा सावकाश, चव घेत म्हणायची. दुकानांच्या पाट्यांवर उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलेलं असायचं आणि नव्या रंगाखालून जुनी अक्षरं दिसायची. आमचं कंधार आधीपासून नांदेड जिल्ह्यात, ते तिथंच राहिलं. आम्हा मुलांना यात काही विशेष वाटलं नव्हतं, कारण शिबिराची वाट तीच होती. दुष्काळ बघून यंदा राहू द्या, असं अक्कांना बऱ्याच जणांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी ठेवली तर दिवसभर घागरीच वाहतील. इथं दोन गाणी तरी म्हणतील."

पाण्याची सोय अप्पांच्या नात्यातल्या लातूरच्या एका डाळमिलवाल्यांनी केली. त्यांचा स्वतःचा टँकर होता. जागा बघायला ते स्वतः आले आणि आंब्याखाली खुर्चीत बसले. मी त्यांच्यासाठी पन्हं घेऊन उभी होते. "अक्का," ते म्हणाले, "आपल्या जिल्ह्याच्या लेकरांना मी पाणी कमी पडू देत न्हाई. पण कंधारकडची पोरं पडली नांदेडची. त्यांचं नांदेडवाल्यांनी बघावं की."

"ती आधीपासून येतात, दादा."

"आधीचं येगळं. आता जिल्हा येगळा झाला."

"ते पोरांना अजून ठाव न्हाई," अक्का म्हणाल्या.

ते मोकळेपणानं हसले. माणूस वाईट नव्हता, नव्या जिल्ह्याचा त्याला आनंद झाला होता एवढंच. पण टँकर पाठवला तो लातूरकडच्या मुलांच्या हिशेबानंच. अक्कांनी एकाही मुलाला येऊ नको म्हटलं नाही. आलेलं पाणी सगळ्यांत वाटलं. त्या उन्हाळ्यात लवंडायला घागर नव्हती, म्हणून रोज सकाळी ओली-कोरडी सगळीच पोती उन्हात टाकायची पद्धत त्यांनी काढली. आंघोळ ओल्या फडक्यानं. मुलांना त्याची गंमत वाटायची. माझा गट कंधारच्या मुलांचा होता, आणि पन्हं देताना ऐकलेलं ते बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. माझी मुलं पितात ते दुसऱ्याच्या वाटणीचं, असं मला वाटायला लागलं. मुलांना तर कमी देता येत नव्हतं. मग शेवटी प्यायचं याचा अर्थ माझ्यापुरता उरलं तर प्यायचं असा झाला, आणि पुढं उरलेलंही मी गुपचूप रांजणात परत ओतायला लागले. यात मला काही मोठेपणा वाटत नव्हता. कंधारकडच्यांचा भार थोडा कमी व्हावा, एवढंच होतं.

बारवेतला गाळ काढायचं श्रमदान चाललं होतं. ऊन अजून पुरतं चढलंही नव्हतं. पायऱ्यांवर मुलांची रांग, घमेली हातोहात वर जात होती. बसू वरून ओरडत होता, "कंधारवाले, हात चालवा, झोपून राहिलेत का?" आणि माझी मुलं खालून त्याला उलट ओरडत होती. एक घमेलं माझ्या हातात आलं एवढं मला आठवतं.

डोळे उघडले तेव्हा अहमदपुरात दवाखान्याच्या खाटेवर होते. हातात सलाईन होतं, आणि डॉक्टर अक्कांना विचारत होते, "ही मुलगी कालपासून पाणी किती प्यायलीय?" अक्कांना शिबिरातल्या प्रत्येक मुलाचं सगळं ठाऊक असायचं, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय इथपर्यंत. त्या खाटेची दांडी धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. अक्का माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "समद्यांना बघितलं म्या. तुला तेवढं न्हाई बघितलं." त्यांना असं उभं राहिलेलं मला बघवेना. त्यांना बरं वाटावं, माझं काही चुकलेलं नाही हे कळावं, म्हणून मी म्हटलं, "अक्का, तुम्हीच तर सांगितलं होतं, शेवटी प्यायचं." त्या खाटेच्या कडेला बसल्या. माझ्या तळपायावर हात ठेवला आणि सलाईन संपेपर्यंत तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी काय केलं ते मला बसूनं सांगितलं. सगळ्या मुलांना बसवलं, प्रमुखांना पुढं उभं केलं, प्रत्येकाच्या हातात भरलेला तांब्या दिला आणि म्हणाल्या, "आजपासून हे आधी पिणार, तुम्ही बघणार. कुणी न्हाई पिला तर मला येऊन सांगायचं." बसूनं घटाघटा पिऊन मोठी ढेकर दिली. मुलं हसली, अक्का हसल्या नाहीत. मग मुलांनी हे इतकं मनावर घेतलं की दिवसभर तांब्या घेऊन ती बसूच्या मागं फिरत होती. "मला परसाकडला सुदिक जाऊ देईनात," तो म्हणाला. पण तो नियम फार दिवस चालला नाही. बातमी गावोगाव गेली होती. आईबाप बैलगाड्यांनी आणि एसटीनं येऊन आपापली मुलं घेऊन गेले, आणि ठरलेल्या दिवसाच्या आधीच मठाचं आवार रिकामं झालं.

मला न्यायला अण्णा आले, माझे वडील. कंधारच्या स्टँडजवळ आमचं शिलाईचं दुकान होतं, मागं घर. अण्णा अक्कांशी एक शब्द बोलले नाहीत, माझ्याशीही एसटीत बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "आता कुठं पाठवायची न्हाई हिला. बस झालं शिकणं." माझं पुढच्या शिक्षणासाठी नांदेडला जायचं ठरलेलं होतं, राहायची सोयही बघून झाली होती. अण्णा कठोर माणूस नव्हते. अहमदपुरातून मुलगी दवाखान्यात असल्याचा निरोप आला तेव्हा कुण्या नवरदेवाचा कोट त्यांच्या हातात होता, आणि तो त्यांनी चुकीच्या जागी कापला. तोवर त्यांनी कापड कधी वाया घालवलं नव्हतं. ते घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला समजावणं रागावलेल्याहून अवघड असतं.

थोड्या दिवसांनी अक्का आल्या. एकट्या, डोक्यावर पदर, पिशवीत अप्पांनी दिलेली गुळाची ढेप. अण्णांनी मशीन थांबवलं नाही. मी मधल्या दारात उभी होते.

"मास्तर, चूक माझी हाय," अक्का म्हणाल्या.

"तर कुणाची असंल?"

"तिला शिकू द्या."

"तुमच्याकडं शिकली की. लई झालं."

मशीन चालूच होतं. एक शिवण संपली, अण्णांनी दोरा तोडला, दुसरी धरली. अक्का गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं अण्णाच म्हणाले, "तुमचं काय, पुढल्या साली पुन्यांदा शिबिर भरंल. कुणाची तरी पोर पुन्यांदा उन्हात पडंल. तुम्ही म्हणाल, मास्तर, चूक झाली."

"न्हाई भरणार," अक्का म्हणाल्या.

अण्णांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"हिला नांदेडला घाला. मी पुन्हा कुणाचं लेकरू शिबिराला नेणार न्हाई. शब्द देते." आणि त्यांनी पदराआड गळ्यात असलेल्या इष्टलिंगावर हात ठेवला.

अण्णांना हे नको होतं, असं मला आजही वाटतं. त्यांना मनातलं बोलून घ्यायचं होतं, कुणीतरी ते खाली मान घालून ऐकावं असं वाटत होतं. पण समोरच्या बाईनं इष्टलिंगावर हात ठेवून शब्द दिला होता, आणि आमच्याकडं असा शब्द दिला की घेणारा नको म्हणत नाही; नको म्हणणं म्हणजे देणाऱ्याला हलकं लेखणं. अण्णा नुसतं "बरं" म्हणाले. गुळाची ढेप आईनं आत नेली. मी अक्कांच्या मागं स्टँडपर्यंत धावत गेले आणि म्हटलं, "अक्का, असं कामून केलं? मी न्हाई शिकले तरी चालतंय." त्या म्हणाल्या, "मला न्हाई चालत. घरी जा, ऊन लागंल."

मी नांदेडला शिकले, तिथंच ग्रंथालयात नोकरीला लागले, लग्न झालं, संसार झाला. अक्कांनी शब्द पाळला. पुढच्या उन्हाळ्यात डाळमिलवाले आपण होऊन त्यांच्या दारात आले, नांदेडची पोरं बी आणा, समद्यांना पाणी देतो म्हणाले. अक्कांनी नाही म्हणून सांगितलं, कारण सांगितलं नाही. मग लोकांनी कारणं शोधली. कुणी म्हणालं बाई भ्यायली, कुणी म्हणालं नवऱ्यानं बंद पाडलं. अप्पांनी तो आळ मुकाट्यानं घेतला. बसू आणि इतरांनी एक वर्ष आपलं आपण शिबिर भरवून पाहिलं. अक्कांना म्हणाले, तुम्ही नुसत्या पायरीवर येऊन बसा. त्या तेवढे दिवस उदगीरला माहेरी जाऊन राहिल्या. संध्याकाळच्या बैठकीला विचारणारं कुणी नव्हतं. ते शिबिर पुन्हा भरलं नाही. एकदा उन्हाळ्यात मी अहमदपूरला गेले तेव्हा अप्पा दुकानात म्हणाले, "कुसुम, मे महिना आला की हिचे हात रिकामे होतात बघ. इथं येऊन डाळ निवडत बसती. निवडलेली डाळ पुन्हा निवडती." अक्का आतल्या बाजूला सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं, मान वर केली नाही.

नांदेडला आल्या की त्या माझ्या ग्रंथालयात यायच्या आणि वाचनकक्षाच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर पुस्तक उघडं ठेवून मुलांकडं बघत बसायच्या. एका उन्हाळ्यात आम्ही दोघी बाजारातून येत होतो. तोवर दोन्ही जिल्ह्यांत नव्या तऱ्हेची शिबिरं निघाली होती, रंगीत टोप्या आणि प्रमाणपत्रं देणारी. अशाच एका शिबिराची मुलं रांगेनं रस्ता ओलांडत होती, आणि शिट्टी फुंकत एक पोरसवदा प्रमुख पुढं-मागं धावत होता. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, आवाज बसलेला. मला वाटलं अक्का शिट्टीबद्दल काही बोलतील. त्या थांबून बघत राहिल्या. रांग पलीकडं गेल्यावर मला म्हणाल्या, "लेकरांकडं तो बघून राहिलाय. त्याच्याकडं कोण बघतंय?" त्यांचं एक पाऊल रस्त्यावर पडलंही होतं. ते त्यांनी मागं घेतलं.

तो शब्द कुणीतरी सोडवावा म्हणून मी माझ्या परीनं प्रयत्न केला. अण्णांना म्हटलं, तर ते म्हणाले, "तिनं दिलाय. तिनं मागावा, मी देतो परत." अक्कांना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "दिलेलं मागत असतेत का?" दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. कंधार आणि अहमदपूरमध्ये एसटीचा तासा-दीड तासाचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यानं ते दोघं पुन्हा एकमेकांकडं कधी गेले नाहीत. अप्पा गेले तेव्हा मी अण्णांना चला म्हटलं होतं. त्यांनी कपडे घातले, टोपी घातली, स्टँडपर्यंत आले आणि एसटी लागल्यावर म्हणाले, "तू जा." अक्कांचे पाय पुढं थकले. शेवटची काही वर्षं त्यांना ओसरीवरून अंगणात यायलाही संगीताचा हात लागायचा. आता शब्द सुटला असता तरी शिबिर भरलं नसतं, हे मला कळत होतं. तरीही तो सुटावा असं वाटायचं. आपण मोकळ्या झालो, एवढं नुसतं त्यांना कळावं म्हणून...

अक्कांना समाधी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरळ नांदेडला गेले नाही, कंधारला उतरले. अण्णा आता फार थकलेत. दुकानाच्या जागेत मोबाईल दुरुस्त करणारा बसतो आणि अण्णा मागच्या खोलीत खाटेवर असतात. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. त्या उन्हाळ्यापासून अण्णांची एक सवय आहे. मी कुठूनही आले, नुसती कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन आले तरी, आधी पाण्याचा तांब्या हातात द्यायचा आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभं राहायचं. तोवर ते कसली विचारपूस करत नाहीत. माझ्या लग्नात मांडवात जायच्या आधी त्यांनी तांब्या पुढं केला होता आणि वऱ्हाड ताटकळलं होतं. हे त्यांना अक्कांनी सांगितलं नव्हतं. अक्का दुकानातून उठून गेल्या त्या संध्याकाळी ते सुरू झालं, आणि त्याबद्दल आमच्यात कधी काही बोलणं झालेलं नाही.

त्या दिवशी मी दारातूनच सांगितलं, "अण्णा, अक्का गेल्या."

त्यांची बोटं चादरीच्या काठावरून फिरत होती, शिवण तपासावी तशी. मग म्हणाले, "कधी मागितला न्हाई तिनं."

"काय?"

"शब्द. मागितला असता तर दिला असता की."

"तुम्हीच द्यायचा होता, अण्णा," मी म्हटलं.

"हाव," ते म्हणाले. "म्याच द्यायचा होता."

बाहेर मोबाईलवाल्याकडं कुणीतरी गाणं लावलं आणि लगेच बंद केलं. अण्णांनी हात लांब करून उशाजवळचा तांब्या चाचपला, उचलला आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं धरला. थोडं पाणी खाटेवर सांडलं. मला तहान नव्हती. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि प्याले. त्यांना दिसत नाही म्हणून हल्ली ते मान जराशी तिरकी करून ऐकतात. मी तांब्या त्यांच्या हातात परत दिला. त्यांनी तो कानाशी नेऊन हलवला. तळाशी थोडं पाणी वाजलं. त्यांनी तो पुन्हा माझ्यापुढं धरला.